देवामागची खोली

त्या पोरीने हात सतरंजीला पुसला, एवढंच झालं. आरती आटोपली होती, कीर्तनकार बापूजींनी चिपळ्या रुमालात गुंडाळल्या होत्या, बुक्क्याची वाटी हातोहात फिरत होती आणि जो तो रिवाजाप्रमाणे शेजारच्याच्या पाया पडत होता. कीर्तन ऐकून उठलेल्या माणसात देव असतो, निदान घरचा उंबरा ओलांडेपर्यंत तरी असतो, म्हणून लहान-मोठा न बघता वाकायचं, अशी त्या देवळाची रीत. मनकर्णाबाईंच्या उजव्या हाताला बसलेली नवी सून, किराणा दुकानवाल्या नत्थूजींच्या घरची शामला, डोक्यावरचा पदर सावरत वाकली. तिचा हात मनकर्णाबाईंच्या लुगड्याच्या काठाखाली गेला तो पावलावर न पडता घोट्याच्या वर पडला, जिथं पट्टी बांधलेली होती आणि पट्टी ओली होती तिथं. कपाळाकडे निघालेला हात तिने मध्येच थांबवला. बोटांकडे बघितलं. मग मान खाली घालून, कोणाला दिसू नये अशा बेताने, सतरंजीच्या कडेला बोटं पुसली. एकदा, आणि मग आणखी एकदा. कोणाला दिसलं नाही. मनकर्णाबाईंना दिसलं.

देवळापासून त्यांची खोली म्हटलं तर एका भिंतीच्या अंतरावर. देवळाचं तोंड पूर्वेला, गल्लीकडे. आणि खोली त्याच्या बरोबर मागे, गाभाऱ्याच्या पाठभिंतीला टेकलेली, दार पश्चिमेला महाल भागातल्याच दुसऱ्या एका बोळात उघडणारं. पण भिंतीतून काही जाता येत नाही. कोपऱ्यावरून वळसा घालायचा, काठी टेकत, उजवा पाय ओढत, मध्ये पानठेल्याच्या फळीला हात टेकून दम घ्यायचा. अशी तीनशेवर पावलं. येताना त्या नेहमी बापूजींनी घोळवलेलं शेवटचं पद तोंडातल्या तोंडात म्हणत येत, म्हणजे वाट कळत नसे. त्या संध्याकाळी पद आठवलं नाही. खोलीत येऊन त्यांनी कडी लावली, लोखंडी खाटेच्या कडेला बसून पट्टी सोडली आणि ती नाकाशी नेली. आजवर असं त्यांनी केलं नव्हतं. वास होता. उन्हाळ्यात उरलेल्या वरणाला दुसऱ्या दिवशी यावा तसला, आंबूस, गोडसर. मग त्यांना एकेक आठवू लागलं. गेले दोन महिने बाया आपल्याभोवती हातभर जागा सोडून बसतात, हे त्यांनी पाहिलं होतं. पण त्यांना वाटलं, म्हातारं माणूस, पाय अवघडतो, म्हणून मानाने सोडतात बिचाऱ्या. पेटीवाल्या गणपतरावांच्या बायकोने तर आपण होऊन म्हटलं होतं, बाई, तुम्ही खांबापाशी बसत जा, वारा लागतो. खांबापाशी. वारा. मनकर्णाबाईंनी पट्टी बादलीत टाकली.

मग त्या आठ दिवस देवळात गेल्या नाहीत. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. मालक गेले तेव्हासुद्धा चौदाव्या दिवशी संध्याकाळी त्या खांबापाशी हजर होत्या आणि बापूजींनी त्यांच्याकडे न बघता त्या दिवशीचं निरूपण जरा मऊ केलं होतं. आता सहा वाजले की त्या खाटेवर बसून भिंतीला कान देत. गाभाऱ्याची भिंत जाडजूड. शब्द येत नसत. तबला येई, पेटीचा सूर येई, झांजेची किणकिण येई, आणि मध्येच सगळे हसले की ते हसू येई. हसू कुठं आलं आणि किती वेळाने आलं यावरून त्या ओळखत की आज कोणतं आख्यान लागलं आहे. सोमवारी त्यांनी ओळखलं: मगरीने हत्तीचा पाय धरल्याचं. यात हत्ती सरोवरात उतरतो, राण्यांवर पाणी उडवतो, तिथं बापूजी सोंडेसारखा हात करतात आणि पोरंसोरं हसतात. मग मगर येते. मग हसू नाही, नुसता तबला, ठाय लयीत. हजार वर्षं मगर पाय सोडत नाही आणि आधी कुटुंबकबिला मागे सरतो, मग बळ सरतं, मग हत्ती सोंडेत एक कमळ धरून देवाला हाक मारतो. हे आख्यान ऐकून मनकर्णाबाईंच्या डोळ्यांना धार लागली नाही असं कधी झालं नव्हतं. पण त्या सोमवारी भिंतीपलीकडे गजर उसळला, म्हणजे देव धावून आला, मगर मेली, हत्ती सुटला, आणि इकडे यांच्या मनात भलतंच आलं: मग त्या पायाचं काय झालं? हजार वर्षं दातात धरलेला पाय. त्याचं कातडं? ते कोणी धुतलं? राण्या तर केव्हाच निघून गेल्या होत्या. बापूजी यावर कधीच काही बोलत नाहीत. हत्ती थेट वैकुंठाला जातो.

पाय त्यांचा काही एका दिवसात बिघडला नव्हता. मुलींच्या वसतिगृहात सत्तावीस वर्षं त्या स्वयंपाकाला होत्या. पहाटे ओट्यापाशी उभं राहायचं ते दुपारी दोनला बसायचं, पुन्हा चारला उभं राहायचं. तवा बसून चालवता येत नाही, आणि पोरी गरम पोळीवाचून जेवत नाहीत. चाळिशीतच पिंढरीवर शिरा वर आल्या, निळ्या, गाठीगाठीच्या, भिंतीवर वेल चढावा तशा. सांजेला पाय इतके भरून येत की जोडवी बोटात रुतत. मग घोट्याच्या वरची कातडी तपकिरी झाली, मग कडक, चकचकीत, आणि मग सुटली खाज. खाजेचं काय सांगावं! ती बोलावून आल्यासारखी यायची. जप करताना यायची, पंगतीत वाढताना यायची. मनकर्णाबाई एका पायाच्या टाचेने दुसरा पाय घासत घासत वाढत, आणि पोरी म्हणत, बाई नाचून राहिल्या वं! एक प्रेमिला म्हणून होती, काटोलकडची, ती तर टाळ्या वाजवून ठेका धरायची. त्याही हसत. हसण्यावारी न्यायचीच गोष्ट होती ती. पुढे नोकरी सुटली, गुडघे धरले, घोटा कुलूप लागल्यासारखा आखडला, चालणं अंगणापुरतं उरलं. आणि दोन वर्षांपूर्वी कपड्यांच्या पेटीचा पत्रा जरासा लागला, रुपयाएवढी चामडी निघाली, ती पुन्हा भरलीच नाही. त्यांनी हळद भरली. कडुनिंबाच्या कढत पाण्याने शेकलं. धुनीचा अंगारा लावला, श्रद्धेने लावला, महिनाभर लावला. रुपयाचा तळहात झाला.

आणि या सगळ्या वर्षांत, पाया पडण्यापुरती बोटं सोडली तर, त्या पायाला दुसऱ्या माणसाचा हात म्हणून लागला नव्हता. रुपराव, त्यांचे मालक, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. तेही दिवसभर उभेच. पण रात्री जेवण झालं की म्हणायचे, “आन इकडे, दाबून देतो. कन्हून राहिली ते काय मले ऐकू येत नाही?” आणि मनकर्णाबाई पाय झटकन लुगड्यात ओढून घ्यायच्या. “काहीतरीच तुमचं. नवऱ्याचा हात बायकोच्या पायाले लागला तर पाप कोणाले लागते, ठाऊक आहे न?” “मले लागू दे.” “तुम्हाले नाही, मलेच लागते!” ते हसत, विडी पेटवत. ते काही कीर्तनाला येणारे नव्हते. म्हणत, तुझ्या बापूजीले एकच गोष्ट येते, देव येते आन सोडवून नेते. पण हा संवाद शे-दोनशे वेळा झाला असेल, आणि दर वेळी त्यांनी हात पुढे केला असेल. आता अंधार पडायच्या वेळी, दिवा लावायच्या आधी, खाटेवर बसल्या बसल्या त्यांना तो हात दिसे. बोटांच्या टोकांना शाई मुरलेली. काय झालं असतं एखाद्या दिवशी दाबू दिले असते तर, असा विचार येई आणि त्या लगेच देवाचं नाव घेत. कारण तो विचारच मुळी त्यांना पापाचा वाटे, आणि गोडही वाटे.

पायाला पहिला परका हात लागला तो रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंचा, तीन महिन्यांपूर्वी. रवींद्रने, मुलाने, नेलं होतं रिक्षात घालून. डॉक्टरीणबाईंनी काही न विचारता पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि मनकर्णाबाईंना रडूच कोसळलं. “दुखतंय का?” “नाही बाई. तुम्ही पाय मांडीवर घेतला.” त्या हसल्या. पावलावर दोन बोटं ठेवून त्यांनी नाडी शोधली, मग म्हणाल्या, रक्त खाली येतंय चांगलं, वर चढत नाही. शिरा सैल झाल्यात. पाणी पायात साचतं, ते कातडीतून पाझरतं. तेव्हा हळद नाही, अंगारा नाही, डेटॉल नाही, साबण नाही. उकळून कोमट केलेलं पाणी, टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. जखमेवर स्वच्छ जाळीचं कापड, भोवतीच्या कोरड्या कातडीला साधं व्हॅसलीन. नखं कापून टाकायची. खाज आली तर वरून तळवा दाबून धरायचा. ताणाची पट्टी सकाळी खाटेवरून उतरायच्या आधी बांधायची, बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, खाली घट्ट, वर सैल. बांधली की बोटांना हात लावून बघायचं: गरम पाहिजेत. गार पडली, निळी पडली तर लगेच सोडायची. व्हॅसलीनच्या पायाने ओल्या फरशीवर चालायचं नाही, आणि पट्टीला ते लागलं असेल तर स्टोव्हजवळ, निरांजनाजवळ पाय न्यायचा नाही, भडका उडतो. “आणि सगळ्यात मोठं औषध,” त्या म्हणाल्या, “पाय वर. लटकते ठेवायचे नाहीत. दिवसातून तीनदा तासतासभर, आणि रात्रभर, छातीहून वर. उशा घ्या, गोधडी घ्या, काही घ्या. हे केलं नाही तर बाकीचं सगळं वाया.” बाकीचं सगळं मनकर्णाबाईंनी नेमाने केलं. पूजा करावी तसं केलं. हे एक केलं नाही.

कसं करणार? खोली लांबट, बोळासारखी. खाट तीत एकाच रीतीने मावते, पूर्व-पश्चिम. पूर्वेकडे पाय केले तर समोर गाभाऱ्याची भिंत, आणि भिंतीपलीकडे हातभर अंतरावर देव. दोन उशांवर पाय चढवून ते त्याच्या दिशेने करायचे? नुसते नव्हे, वर करून, आणि ते असले पाय? जीभ झडावी असला विचार. पश्चिमेला दार. दाराकडे पाय करून या घरातून रुपराव गेले होते. याच खाटेवरून, याच दिशेने उचलले होते त्यांना, आणि तेव्हापासून मनकर्णाबाई पश्चिमेला पाय पसरून निजल्याच नव्हत्या. डोकं भिंतीकडे करून पाय पोटाशी घेऊन मुटकुळं करत. खाली जमिनीवर उत्तर-दक्षिण निजावं तर दक्षिण यमाची, आणि उत्तरेला पाय करावे तर ते स्टोव्हच्या तोंडाशी येत. शिवाय एकदा खाली बसल्या की उठवणार कोण? झोप लागली नाही की त्या उठून बसत आणि भिंतीला टेकून, पाय खाली सोडून, सकाळची वाट पाहत. पट्टी सोडलेली असे. सकाळपर्यंत घोटा मडक्यासारखा होई. या सगळ्याला त्यांनी अधर्म आणि आजार यांच्यातला झगडा वगैरे नाव दिलं नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की एक गोष्ट डॉक्टरीणबाईंनी सांगितली आहे आणि ती करण्यासारखी जागा या खोलीत नाही. आणि ही खोली सोडून दुसरीकडे देव नाही. म्हणजे आहे, सगळीकडेच आहे; पण बापूजी नाहीत.

रविवारी रवींद्र आला आणि त्यांना रिक्षात घालून पुन्हा रामदासपेठेत घेऊन गेला. तो वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मालाच्या बिल्ट्या लिहायचा, तिथंच अमरावती रोडला भाड्याच्या खोलीत बायको प्रमोदिनीसह राहायचा. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, जखम पाहिली, आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलला तर तिथं खळगा तसाच राहिला, कणकेत बोट रुतावं तसा.

“पाय वर ठेवता का?”

“ठेवतो न बाई.”

“रात्री?”

“हाव, रात्रीपन.”

“बाई, तुम्ही खरं सांगता, मग हा खड्डा खोटं का बोलतोय?”

मनकर्णाबाई पदराच्या काठाला गाठ मारत राहिल्या. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्याने जास्तच वाईट वाटलं. त्या रवींद्रकडे वळून म्हणाल्या, पंधरा दिवस. जखमेची कड काळी पडायला लागली आहे. पंधरा दिवसांत सूज उतरली नाही तर मोठ्या दवाखान्यात भरती करावं लागेल, सहा आठवडे पडून राहायचं. त्यानंतरही एकटं ठेवता येणार नाही.

रिक्षातून येताना महाल आलं तेव्हा रवींद्र म्हणाला, “मी घरमालकाले सांगून ठेवतो, महिनाअखेर खोली सोडून राहिलो म्हणून.”

“काहून?”

“माय, तू समजून काहून नाही घेत वं? दवाखान्यातून कुठी जाशील मग? वाडीले चाल. प्रमोदिनी आहे, करते ती.”

“तिची नोकरी हाये. दिवसभर मी कोनाचं तोंड पाहू? टरकाचं?”

“इथं कोनाचं पाह्यतं? भितीचं?”

“हाव. भितीचंच,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “तिच्या पल्याड मानसं हायेत.”

रवींद्रने रिक्षा थांबवली. त्याने आईला हात धरून उतरवलं, खोलीत बसवलं, माठ भरून ठेवला, आणि निघताना सवयीने वाकला. त्यांनी पाय खाटेखाली ओढून घेतले. “दुरूनच पड बाप्पा,” त्या म्हणाल्या. तो दुरूनच पडला. माठातलं पाणी हिंदकळून पालथ्या पेल्यावर सांडलं होतं, ते त्या तो गेल्यावरही पुसायला उठल्या नाहीत. पंधरा दिवस. देव खरोखर धावून येत असेल तर त्याला पंधरा दिवस पुष्कळ झाले. पण हत्तीपाशी कमळ होतं.

बुधवारी दुपारी दार वाजलं. शामला होती, हातात पानाचा द्रोण. “परसाद हाये, आजी. बापूजीनं देल्ला. इचारत होते, खांब रिकामा काहून म्हनून.” ती आत आली, पण खाटेपाशी न येता स्टोव्हजवळच उभी राहिली, आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “मी हात पुसला. तुम्ही पाह्यलं न?”

मनकर्णाबाईंना वाटलं होतं, ही काहीतरी गोड बोलून जाईल. त्यांनी मान हलवली.

“खोटं नाही बोलत. मले वास आला. ओकारीच आली मले. सध्या मले फोडनीचा येते, उदबत्तीचा येते, आमच्या ह्यांच्या टोपीचापन येते.” ती एकदम लाजली. “तिसरा लागला.”

“मायबाई!” मनकर्णाबाईंच्या तोंडून निघालं, आणि आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या. “अवं मग बस न. उभी काहून? तिथं दारात बस, वारा लागते.” आणि वारा म्हणताच त्यांना खांब आठवला आणि हसू तिथंच अडकलं.

शामला उंबऱ्यावर टेकली. बोलभांड पोर होती, उमरेडकडची, शेतातली. सासूच्या तक्रारी झाल्या, पंचमीला माहेरी जायचं आहे ते झालं, मग तिने विचारलं की डॉक्टर काय म्हणतात. आणि रवींद्रला जे सांगितलं नाही, डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही, ते मनकर्णाबाईंनी या दोन महिन्यांच्या ओळखीच्या पोरीला सांगून टाकलं. खाट अशी. देव तिकडे. दार इकडे. शामलाने खोलीभर नजर फिरवली, जागा मोजल्यासारखी.

“ह्या भितीच्या मांगं देव?”

“हाव.”

“म्हनजे त्याची पाठ. त्याचं तोंड तर तिकडे हाये, गल्लीकडे. त्याले काय दिसते तुमचे पाय?”

“देवाले मांगंपुढं असते काय वं, येडे?”

“नसते, तर मंग झालंच की,” शामला म्हणाली. “आन बापूजी? ते नाही का, दीड घंटा उंबऱ्यात देवाकडे पाठ करून उभे राह्यतात, आपल्याकडे तोंड करून? पहिल्या दिवशी मले तर कसंचंच वाटलं. म्हटलं, आमच्या गावात असा कोनी उभा राह्यला तर त्याले हानतीन. त्याहिले चालते, तुम्हाले काहून नाही चालत?”

“ते बापूजी हायेत. त्याहिनं पाठ नाही केली तर आपल्याले सांगतीन कसं? मंडपात जागा कुठी हाये दुसरी?”

“तुमच्यापन खोलीत जागा नाही,” शामला म्हणाली, आणि उठली; उन्हं उतरली होती, सासू वाट बघत असेल. निघताना ती वाकली, नाकाला पदर लावून, आणि जरा घोटाळून तिने खाटेच्या लोखंडी खुराला हात लावला आणि तो कपाळाला लावला. “येतो आजी. आता पंचमी झाल्यावर.” बोळात तिच्या जोडव्यांचा आवाज वाजत गेला आणि वळणावर संपला.

मनकर्णाबाई बसून राहिल्या. अकरा वर्षं त्या बापूजींकडे बघत आल्या होत्या. त्यांची पगडी पाहिली होती, उपरण्याची घडी पाहिली होती, देवाचं नाव घेताना मिटणारे डोळे पाहिले होते. आणि त्यांच्या मागे, खांद्यावरून, समईच्या उजेडात देवाचा चेहरा पाहिला होता. दोघं एकाखाली एक, एकाच बाजूला बघत असलेले. पाठ कधी दिसलीच नव्हती. समोरच्याला पाठ दिसते कुठं? ती एका वासाने हैराण झालेल्या पोरीला दिसली. त्यांनी उठून तोंड धुतलं. पायाचं सगळं केलं: कोमट पाणी, टिपणं, जाळीचं कापड. मग गोधडीची वळकटी केली, तिच्यावर दोन्ही उशा, रुपरावांचीही, आणि ती सगळी रास पूर्वेकडच्या भिंतीशी लावली. डोकं दाराकडे. सहा वाजत होते. झांज लागली तशी त्या खाटेवर आडव्या झाल्या आणि आधी डावा, मग दोन्ही हातांनी धरून उजवा, पाय वर ठेवला.

काही झालं नाही. भिंत भिंतच राहिली. तिच्यावरचा चुन्याचा पोपडा आता टाचेच्या अगदी वर दिसत होता. त्या पुटपुटत होत्या, देवा, माफ कर, जागा नाही रे बाप्पा, जागा नाही. मग तबला सुरू झाला आणि त्यांना नवलच वाटलं: तो पायातून येत होता. टाचा भिंतीला टेकल्या होत्या, आणि डग्ग्याची घुमी भिंतीतून टाचेत, टाचेतून पिंढरीत उतरत होती. हळू, मऊ, एका लयीत. कोणी पाय दाबून द्यावा तशी. त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत. डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, तेही त्यांनी पुसलं नाही. पाप लागायचंच असेल तर मलेच लागू दे, त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते त्यांनाही नीट कळलं नसेल.

पंधराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी अंगठा दाबला, उचलला. खळगा पडला आणि त्या बघत असतानाच हळूहळू भरून आला. “आता हा खरं बोलतोय,” त्या म्हणाल्या. जखमेच्या कडेला तांदळाच्या कणीएवढी गुलाबी नवी कातडी आली होती. भरती नको. पण हे जन्मभराचं आहे, बाई. पट्टी जन्मभर, पाय वर जन्मभर. मांडी घालून दोन-दोन तास बसणं बंद. मनकर्णाबाईंनी विचारलं, खांबाला टेकून बसलं तर? “अर्धा तास. जास्त नाही.” अर्ध्या तासात बापूजींचं नमन होतं आणि पूर्वरंग जेमतेम सुरू होतो. रवींद्र म्हणाला, घरमालकाले सांगतो, खोली राहू दे म्हणून. त्याचा चेहरा सुटल्यासारखा दिसला, आणि थोडा पडल्यासारखाही. त्यांनी रिक्षात त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो महाल येईपर्यंत काढला नाही.

पंचमी झाली. शामला आली नाही. तिकडेच ठेवून घेतलं म्हणे, पहिलटकरीण. देवळातून आणखी कोणी आलं नाही. खांबापाशी आता गणपतरावांची बायको बसते, असं पानठेलेवाला म्हणाला. संध्याकाळी मनकर्णाबाई कडी काढून ठेवत, कोणी आलंच तर असावी म्हणून, आणि सहाच्या आत पाय भिंतीला लावून पडत. हसू कुठं आलं त्यावरून आख्यान ओळखत. हत्तीचं पुन्हा एकदा लागलं. मगर आली, कुटुंब पांगलं, हाक मारली, गजर झाला, देव आला. मनकर्णाबाई इकडे पडल्या पडल्या पुढचं लावत गेल्या, बापूजी जे सांगत नाहीत ते: की वैकुंठाला न्यायच्या आधी देव सरोवराच्या काठी बसला असेल. चक्र खाली ठेवलं असेल. हत्तीचा पाय मांडीवर घेतला असेल, पाणी कोमट आहे का ते हाताने बघितलं असेल. घासलं नसेल, टिपलं असेल.

आरती संपली. घंटा थांबली. आता पलीकडे सतरंजीवर जो तो वाकत असेल. बांगड्यांचा बारीक आवाज, लुगड्यांची सळसळ, इथं काही ऐकू येत नाही, पण असेलच. अकरा वर्षांची सवय. मनकर्णाबाईही कोपरावर जोर देऊन उठून बसल्या आणि उजवीकडे वळल्या. उजवीकडे भिंत होती. डावीकडे स्टोव्ह. क्षणभर त्या तशाच राहिल्या, हात पुढे केलेला. मग आठवलं, बोटं बघायची राहिली आहेत. त्या पुढे वाकल्या, गुडघे कुरकुरले, श्वास कोंडला, आणि उशांच्या राशीवर, देवाच्या पाठीकडे केलेल्या त्या पायाच्या, पट्टीबाहेर आलेल्या पाच बोटांना त्यांनी हात लावला. गरम होती. हात तिथंच जरा राहिला. आणि मग, त्यांनी काही ठरवण्याआधीच, तो कपाळाकडे गेला आणि मध्ये कुठं थांबला नाही.